चिकाटीचा कारभार कोणाच्या हाती?

चिकाटी हा गुण आपल्याकडे इतका निर्विवाद वंद्य मानला गेला आहे की, त्याची कधी चौकशी करावी, हे कोणाला सहसा सुचतच नाही. शाळेच्या फळ्यावरील सुविचारापासून सेवानिवृत्तीच्या समारंभातील भाषणापर्यंत त्याची स्तुती अखंड चालू असते. आणि एखाद्याने हाती घेतलेले काम अर्ध्यावर सोडले, तर ते का सोडले, सोडताना त्याने काय काय तोलून पाहिले, ह्याची विचारपूस होण्याआधीच ‘धरसोड वृत्तीचा’ हा शेरा त्याच्या नावापुढे पडलेला असतो. ह्या एकतर्फी निकालाने ज्यांचे नुकसान होते, अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. कोणी केवळ लोकलज्जेस्तव एखाद्या निष्फळ उद्योगात वर्षांमागून वर्षे घालवीत राहतात. तर कोणाची चिकाटी हीच मुळी मनाच्या अस्वास्थ्याची खूण असते, आणि तिची चहूकडून वाहवा होत असल्यामुळे तिच्यावर काही उपाय करावा, असे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना वाटतही नाही. चिकाटी निरोगी केव्हा असते आणि रोगट केव्हा होते, हे ज्याचे त्याला ओळखता यावे, ह्यासाठी काही व्यवहार्य कसोट्या वाचकांपुढे ठेवाव्यात, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

ह्या कामी मला सर्वांत उपयुक्त वाटलेला आधार अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर यांच्या उपपत्तीचा आहे. माणसाच्या ठायी उपजत असणारी प्रकृती एक, आणि वाढत्या वयाबरोबर अनुभवाने व विचाराने घडत जाणारे चारित्र्य दुसरे, असे व्यक्तिमत्त्वाचे दोन थर त्यांनी मानले. १९८७ साली त्यांनी प्रकृतीची तीन अंगे सांगितली होती: नावीन्याची ओढ, अपायाची भीती आणि इतरांच्या मायेवर व पसंतीवर अवलंबून राहण्याचा कल. चिकाटी त्या वेळी ह्या तिसऱ्या अंगातच समाविष्ट होती. परंतु ती त्याच्याशी जुळून चालत नाही, तिची चाल स्वतंत्र आहे, असे आढळून आल्यावर १९९३ च्या सुधारित मांडणीत तिला चौथे अंग म्हणून वेगळे स्थान मिळाले. चारित्र्याची अंगे तीन: आपल्या आयुष्याची जबाबदारी स्वतःकडे घेऊन त्याला हेतुपूर्वक वळण देण्याची क्षमता, इतरांना समजून घेऊन त्यांच्याशी सहकार्य करण्याची वृत्ती, आणि स्वतःपलीकडच्या विशाल गोष्टींशी असलेले आपले नाते जाणण्याची शक्ती. आता ह्यातील मर्माची गोष्ट अशी की, ज्यांना व्यक्तिमत्त्वाचे विकार म्हणतात, त्या सर्वांचे समान लक्षण सांगताना क्लोनिंजर यांनी चिकाटीच्या कमीअधिकपणाकडे बोट दाखविले नाही. चारित्र्याची पहिली दोन अंगे दुर्बळ असणे, हेच त्यांनी ते लक्षण मानले. म्हणजे चिकाटी ही एखाद्या राबणाऱ्या गड्यासारखी आहे. तो बागायत फुलवील की शेजाऱ्याच्या बांधावर कुदळ चालवील, हे त्याच्या अंगच्या बळावरून ठरत नाही, घरचा कारभार कोण पाहतो, ह्यावरून ठरते.

कारभार भीतीच्या हाती गेला म्हणजे काय होते, ते प्रथम पाहू. आपल्या ओळखीत असा एखादा मनुष्य बहुधा असतोच, जो पहाटेपासून रात्रीपर्यंत कामाला जुंपलेला असतो, याद्या करतो, नियम लावतो, तपशिलात इतका खोल शिरतो की कामाचा मूळ हेतूच दृष्टीआड होतो; सर्व काही निर्दोष व्हावे ह्या आग्रहापायी ज्याचे काम कधी पुरेच होत नाही; आपल्यासारखे कोणी करणार नाही म्हणून जो दुसऱ्याच्या हाती काही सोपवीत नाही, आणि सुटीचा दिवस ज्याला अपराधासारखा टोचतो. कचेरीत त्याचे कौतुक होते आणि घरात त्याची धास्ती असते. ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो, त्याहून ही अवस्था निराळी आहे. मंत्रचळ झालेल्या माणसाला आपले वारंवार हात धुणे किंवा कुलूप तपासणे स्वतःलाच जाचत असते, तर ह्या माणसाला आपली रीत हीच योग्य रीत वाटते आणि जाच होतो तो भोवतालच्यांना. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत व्यक्तिमत्त्वविकारांची जी पर्यायी मांडणी आहे, तीत निरुपयोगी ठरलेली रीत, वारंवार अपयश येऊनही आणि थांबण्याची स्पष्ट कारणे असूनही, तशीच चालू ठेवण्याचा हेका हा एक स्वतंत्र दोष म्हणून नोंदविला आहे. आणि लक्षात घेण्याजोगे हे की, त्याची गणना चिंता व भावनांची अस्थिरता ह्यांच्या सदरात केली आहे. बाहेरून जी निश्चयाची ताकद दिसते, तिच्या तळाशी पुष्कळदा थांबण्याची भीती असते: थांबलो तर मी कोण, माझी किंमत काय, हा प्रश्न अंगावर येईल ही भीती. म्हणून पहिली कसोटी अगदी साधी आहे. एखादा दिवस काम न करता आपण स्वस्थचित्ताने राहू शकतो की नाही, हे पाहावे. ज्याला काम प्रिय आहे, तो विश्रांतीनंतर त्याच्याकडे उत्साहाने परततो. ज्याला कामाच्या मागे लपावयाचे आहे, त्याला विश्रांतीतच धडकी भरते.

भीतीखालोखाल धोका अहंकाराच्या कारभारात आहे. बॅरी स्टॉ या संशोधकाने १९७६ साली व्यवसाय-प्रशासनाच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका कंपनीच्या दोन विभागांपैकी कोणत्या विभागास संशोधनासाठी पैसा द्यावा, हा निर्णय त्यांच्याकडे सोपविला, आणि नंतरच्या वर्षांचे आकडे दाखवून दुसऱ्यांदा रकमेची वाटणी करावयास सांगितले. पहिला निर्णय ज्यांनी स्वतः घेतला होता आणि ज्यांचा तो फसला होता, त्यांनीच त्या बुडत्या विभागात सर्वांत अधिक रक्कम घातली. अपयशाने सावध होण्याऐवजी माणसाची पकड अधिकच घट्ट होते, ती अशा वेळी कामावरील श्रद्धेने होत नाही, आपला निर्णय चुकला असे म्हणण्याची वेळ टळावी म्हणून होते. आपल्याकडे ह्याचे दर्शन घडावयास कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात अर्धा दिवस बसणे पुरेसे आहे. हातभर बांधासाठी वडिलांनी लावलेला दावा मुलगा चालवीत असतो. मोजणीचे नकाशे, फेरफाराच्या नकला, वकीलपत्रे आणि तहकुबीच्या तारखा ह्यांनी दप्तर फुगत जाते. खर्चाचा आकडा वादातील जमिनीच्या किमतीपुढे केव्हाच गेलेला असतो. आणि तरीही तडजोडीचा शब्द काढणारा सोयरा त्याला शत्रुपक्षाचा वाटतो. न्याय्य हक्कासाठी शेवटपर्यंत झगडणारी माणसे असतात आणि ती आदरास पात्र आहेत, ह्याविषयी दुमत नाही. मात्र न्यायासाठी झगडणाऱ्याला दाव्याबाहेरही आयुष्य असते, सन्माननीय तोडगा निदान ऐकून घेण्याइतका धीर त्याच्यापाशी असतो. अहंकारासाठी झगडणाऱ्याच्या बोलण्यात दाव्यावाचून विषयच उरत नाही. म्हणून ज्या उद्योगात आपण दीर्घकाळ गुंतलो आहोत, त्याविषयी अधूनमधून स्वतःला असे विचारावे: आजवर ह्यात माझे काहीही खर्ची पडले नसते आणि हा प्रस्ताव आज नव्यानेच माझ्यापुढे आला असता, तर मी तो स्वीकारला असता काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात देऊ नये. कागदावर लिहावे, कारण मनातल्या उत्तराला अहंकार सहज वळवून घेतो.

ह्याउलट चारित्र्याच्या कारभाराखाली चिकाटी कशी वागते, ह्याचे धोंडो केशव कर्वे यांच्या जीवनाइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही. कोवळ्या वयात आपल्या मुरूड गावाहून घाट चढून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी जाणे, शंभराहून अधिक मैलांची ती वाट तुडविल्यावर वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेस बसू न दिले जाणे, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातले गणिताचे अध्यापन सांभाळून स्वतः काढलेल्या आश्रमासाठी पुणे ते हिंगणे हा रस्ता चिखलापावसात पायी कापणे, ह्या गोष्टी आपण मुलांना सांगतो आणि त्यांतून कष्ट सोसण्याचा बोध तेवढा काढतो. त्यांच्या चिकाटीचा अधिक मोलाचा भाग मात्र निराळ्याच ठिकाणी आहे. १८९३ साली त्यांनी गोदूबाई, म्हणजे पुढे आनंदीबाई म्हणून ओळखल्या गेलेल्या विधवेशी विवाह केला, त्यापायी मुरूडच्या लोकांचा बहिष्कार सोसला, आणि त्याच वर्षी विधवाविवाहाला उत्तेजन देणाऱ्या मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. ज्या मताखातर एवढी झळ सोसली, त्या मताच्या प्रचारालाच उभा जन्म वाहणे हे त्यांना सहज शक्य होते, आणि तसे ते करते तर लोकांनी त्यांना निष्ठावंतच म्हटले असते. परंतु थोड्याच वर्षांच्या अनुभवाने त्यांना दिसून आले की, पुनर्विवाहास समाज इतक्यात राजी होणार नाही, झालेच तर मोजक्या स्त्रियांचे दुःख हलके होईल. तेव्हा विधवांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे हाच अधिक व्यापक मार्ग आहे. हा हिशेब ध्यानी येताच त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि लोकांच्या मनात किंतू राहू नये म्हणून आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अलग ठेवले. पुढे १९०७ साली महिला विद्यालय निघाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचनात आल्यावर १९१६ साली, अठ्ठावन्न वर्षांचे असताना, त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले. १९३६ साली खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे मंडळ काढले, आणि १९४४ साली, वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, समता संघ स्थापन केला.

ही जंत्री वरवर पाहणाऱ्यास धरसोडीचीही वाटेल. इतक्या वेळा माणसाने काम बदलले! पण दीन आणि दुर्लक्षित माणसाला, त्यातही स्त्रीला, शिक्षणाने उभे करावयाचे हा हेतू साठ-पासष्ट वर्षे तसूभरही हलला नाही. साधने मात्र अनुभवाने दाखविली तशी बदलत गेली. निरोगी चिकाटीची ही आणखी एक कसोटी आहे. आपण हेतूला चिकटून आहोत की साधनाला, हे पारखून घ्यावे. आणि कामात वारंवार अडथळा येऊ लागला म्हणजे हेतू सोडण्यापूर्वी साधन बदलून पाहावे. तथापि कर्व्यांच्या चिकाटीची किंमत त्यांच्या घरच्यांनीही मोजली, हे आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन वाचताना जाणवल्यावाचून राहत नाही. थोरांच्या बाबतीतही हा जमाखर्च मांडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्यांचे अनुकरण करू पाहणारे लोक त्यांचा विवेक बाजूस ठेवून संसाराकडील दुर्लक्ष तेवढे उचलतात. ज्याच्या चिकाटीचा खर्च दुसऱ्याच्या खाती पडतो, त्याने त्या दुसऱ्याला विचारले पाहिजे, आणि मिळणारे उत्तर मध्येच न तोडता ऐकले पाहिजे. सहकार्याची वृत्ती म्हणून जे चारित्र्याचे अंग वर सांगितले, त्याची प्रचीती येथेच येते.

शरीराचाही हिशेब विसरून चालत नाही. अमेरिकेत जॉन हेन्री या कृष्णवर्णीय मजुराची दंतकथा प्रसिद्ध आहे. खडकात घणाने भोके पाडण्याच्या कामात त्याने वाफेच्या यंत्राशी स्पर्धा लावली, ती जिंकली, आणि तेथेच कोसळून प्राण सोडला. शर्मन जेम्स या संशोधकांची नॉर्थ कॅरोलायनात गाठ पडली, ती योगायोगाने त्याच नावाच्या एका शेतकऱ्याशी. दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या ह्या निरक्षर माणसाने वाचावयास शिकून, अपार कष्ट करून चाळिशीपर्यंत ७५ एकर जमीन स्वतःच्या मालकीची केली होती. आणि साठी गाठण्यापूर्वीच रक्तदाब, सांधेदुखी आणि जठरव्रण ह्यांनी तो जर्जर झाला होता. ज्यांच्यापाशी पैसा, शिक्षण, पाठबळ थोडे, त्यांनी केवळ स्वतःच्या कष्टांच्या बळावर सर्व प्रतिकूलतेला टक्कर देत राहिल्यास रक्तदाब वाढण्याचा संभव असतो, असे अनुमान जेम्स यांनी १९८३ साली मांडले. ह्यावरून गरिबाने चिकाटी सोडावी असा निष्कर्ष काढणे क्रूरपणाचे होईल. ज्याला एकट्याने ओढावे लागते त्याने मदत मागण्यात कमीपणा मानू नये, झोपेचे तास कामाला देऊ नयेत, आणि चाळिशीनंतर रक्तदाबाची तपासणी टाळू नये, एवढे मात्र त्यावरून निश्चित सांगता येते.

आजच्या महाराष्ट्रात चिकाटीचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो, तो पुण्याच्या पेठांमधील अभ्यासिकांत. गावाकडून आलेली, आईबापांनी सोसायटीचे कर्ज काढून किंवा शेताचा तुकडा विकून पाठविलेली हजारो मुले-मुली तेथे स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत बसलेली असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा वेळा बसता येते, इतर मागास प्रवर्गाला ३५ वर्षांपर्यंत नऊ वेळा. राज्यसेवेची खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा तर ३८ आहे. म्हणजे बाहेरून घातलेली मुदत तारुण्याचा बहुतेक भाग गिळून टाकील इतकी लांब आहे, आणि स्वतःची मुदत स्वतःच ठरविल्यावाचून गत्यंतर नाही. त्यातच पूर्वपरीक्षा उत्तीर्ण होणे, मुख्य परीक्षेत थोडक्या गुणांनी हुकणे, असे मधूनमधून मिळणारे अर्धवट यश माणसाला सर्वाधिक बांधून ठेवते. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले आहे की, प्रत्येक वेळी दाणा मिळणाऱ्या पक्ष्यापेक्षा कधी मिळतो, कधी नाही, अशा अनिश्चितीत ठेवलेला पक्षी, दाणा पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी अधिक काळ चोच मारीत राहतो. ‘आणखी एकच वेळ’ ह्या शब्दांत विचारपूर्वक केलेला निश्चय किती आणि ही नुसती ओढ किती, हे निकालाच्या आठवड्यात कोणालाही ओळखता येत नाही.

म्हणून अशा प्रत्येक विद्यार्थ्याने आरंभीच एका कागदावर आपल्या अटी लिहून काढाव्यात: किती वेळा परीक्षा देणार, कितव्या खेपेपर्यंत कोणता टप्पा गाठला गेलाच पाहिजे, घरातून किती रक्कम घेणार, आणि ह्याच काळात दुसरी कोणती पात्रता किंवा कसब हाती ठेवणार. तो कागद आपल्यावर माया करणाऱ्या पण आपल्या यशावर स्वतःची प्रतिष्ठा टांगून न ठेवलेल्या माणसाच्या, एखाद्या मावशीच्या, जुन्या शिक्षकांच्या किंवा नोकरीस लागलेल्या मित्राच्या, स्वाधीन करावा. फेरविचार वर्षातून एकदा करावा, पण निकालानंतर निदान महिनाभर जाऊ द्यावा. आणि हेतूचा शोध येथेही घ्यावा. लोकांच्या उपयोगी पडावे, घराला स्थिर उत्पन्न व्हावे, गावात मान असावा, ह्यांपैकी आपल्याला खरोखर काय हवे आहे, हे ज्याला कळले, त्याला त्याच हेतूकडे जाणाऱ्या इतर वाटा दिसू लागतात. ज्याने पदालाच हेतू मानले, त्याला दिसत नाहीत.

सोडणे ही सुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. कार्स्टन व्रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अप्राप्य झालेल्या ध्येयातून मन काढून घेणे ज्यांना जमते, आणि नव्या ध्येयाशी ते जोडणे ज्यांना जमते, त्यांचे मनःस्वास्थ्य इतरांहून चांगले असते. ह्यातील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. नुसते सोडून रिकामे बसलेल्या माणसाचे मन जुन्या जागी घिरट्या घालीत राहते. म्हणून परीक्षा थांबविण्याचा निर्णय घ्यावयाचा, तर पुढच्या महिन्यात सकाळी उठून कोठे जावयाचे, हे ठरवूनच तो घ्यावा, मग ते काम कितीही लहान असो.

ज्यांच्या अंगी चिकाटी मुळातच थोडी आहे, त्यांना एवढेच सांगावयाचे की, तो काही नैतिक दोष नव्हे. अशी माणसे वाऱ्याची दिशा लवकर ओळखतात आणि निष्फळ उद्योगात फसत नाहीत. त्यांनी अनेक कामांत चिकाटी आणण्याच्या खटपटीत न पडता एक-दोन कामेच निवडावीत, आणि त्यांसाठी ठरलेली वेळ, ठरलेली जागा व सोबती ह्यांचा आधार घ्यावा. एकट्याने जे व्यायाम महिन्यात सोडतात, ते मंडळीसमवेत टिकवितात.

आईबापांची जबाबदारी ह्यात फार मोठी आहे. मुलाने तबल्याचा किंवा बुद्धिबळाचा वर्ग सोडतो म्हटले की, आपल्या घरात दोनच प्रतिक्रिया उमटतात: एक तर ‘सुरू केलेस ना, आता पुरे कर’ हा हुकूम, नाहीतर ‘जाऊ दे, रडू नकोस’ ही सोडवणूक. दोन्हींत त्याला विचार करावयाची संधी मिळत नाही. त्याऐवजी भरलेल्या फीची मुदत संपेपर्यंत जावयाचे, आणि त्यानंतर काय आवडले, काय जड गेले, ह्याची बसून बोलणी करून निर्णय घ्यावयाचा, असा रिवाज घरात पाडला, तर तात्कालिक कंटाळा आणि विचारपूर्वक केलेला त्याग ह्यांतला भेद मुलाला लहानपणीच कळू लागतो. मात्र तो निर्णय मुलाचा असावा. आणि त्यावर नंतर टोमणा मारू नये.

शेवटी, जेथे स्वतःच्या प्रयत्नांनी भागत नाही, अशा अवस्थेविषयी. रात्रीची झोप आठवड्यांमागून आठवडे उडाली असेल, एकाच कामाचा विचार थांबविता येत नसेल, कोणी त्यात अडथळा आणला की अनावर राग येत असेल, किंवा हे साधले नाही तर जगण्यात अर्थ नाही असे शब्द तोंडून निघत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब लावू नये. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. वर सांगितल्याप्रमाणे, अशा माणसाला आपल्या रीतीत दोष दिसत नसल्यामुळे तो डॉक्टरांपुढे कामाच्या अडचणी तेवढ्या सांगतो आणि निष्पाप मनाने बाकीचे वगळतो. म्हणून बरोबर कोणीतरी जावे, आणि त्याची संमती घेऊन, झोप किती, जेवण कसे, खर्च कोठवर गेला, घरात बोलणे उरले आहे की नाही, ही हकीगत त्या सोबत्याने सांगावी.